डाव्या आरशाचे दुखणे

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला मिक्सर अचानक बंद पडला तर आपण काय करतो? लगेच नवा आणायला धावत नाही. आधी पिन नीट बसली आहे का ते पाहतो. मग ती दुसऱ्या पॉइंटला लावून पाहतो. मग मिक्सर उलटा करून तळाचे लाल बटण दाबतो. एवढे करूनही भांडे फिरले नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे जातो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेले नाही, पण जमते.

आणि हीच आपण, मोटारीत काही बिघडले की मात्र गप्प बसतो. "ते ह्यांचं खातं" म्हणून मोकळ्या होतो. मीही तशीच मोकळी झाले होते. त्यापायी माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा गुडघा फुटला, म्हणून आज ही गोष्ट तुम्हांला सांगायला बसले आहे.

आम्ही भंडाऱ्यात राहतो. हे रोज वरठीला जाऊन भंडारा रोड स्टेशनवरून रेल्वेने नागपूर गाठतात. मी आठवड्यातून तीन दिवस मोहाडीच्या बाजूच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. बसच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे घरची मोटार माझ्याच हाती असते. मोटार आम्ही घेतली तीच वापरलेली, आता तिला नऊ वर्षे झाली. तिचे दोन्ही बाजूंचे आरसे बसल्या जागेवरून, उजव्या हाताशी असलेल्या एका लहानशा खटक्याने हलवता येतात. खटका डावीकडे वळवला की डावा आरसा, उजवीकडे वळवला की उजवा. आणि वर-खाली, आत-बाहेर करायला चार टोके.

उन्हाळ्यात केव्हातरी डाव्या आरशाने मान टाकली. खटका दाबला तरी काच हलेना. खड्ड्यांत हादरे बसून ती हळूहळू खाली झुकायची आणि तिच्यात मागच्या रस्त्याऐवजी माझ्याच गाडीचे चाक दिसायचे. मग मी गाडी थांबवून, पलीकडच्या खिडकीतून हात घालून काच बोटाने वर ढकलायची. दोन मैल गेले की पुन्हा तेच!

ह्यांना सांगितले, तर म्हणाले, "डावा आरसा कशाला लागतो एवढा? पूर्वीच्या कितीतरी मोटारींना नसायचाच तो." गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवले. तिथल्या मिस्त्रीने खटका दोनदा दाबला आणि निकाल दिला, "मॅडम, पूर्ण आरसाच बदलावा लागते. नागपूरहून मागवू. साडेसात हजार." त्या महिन्यात सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, मुलीच्या शाळेची फी होती. आरसा मागे पडला. आपल्या घरात मागे पडायच्या वस्तूंची यादी कशी असते, हे तुम्हांला सांगायला नको.

जुलै उजाडला. रोवणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांत पाणी भरलेले, बायांची वाकलेली रांग, मधूनच चिखलाने माखलेला ट्रॅक्टर. पाऊस होता म्हणून मी सगळ्या काचा बंद केल्या होत्या. शाळेच्या गल्लीशी आले, डावीकडचा दिवा लावला, आरशाकडे पाहिले. आरशात चाक. आज घाई आहे, कोण येणार इथे, असे मनाशी म्हटले आणि गाडी वळवली.

मागच्या दारावर थाप बसली. मग सायकल पडल्याचा आवाज.

उतरून पाहते तर आठवीतली मुलगी चिखलात बसलेली, सायकलचे हँडल वाकडे, गुडघ्यातून रक्त. तिने रडणे आवरून मलाच सांगितले, "मॅडम, मी घंटी वाजवत होती ना." वाजवतच असणार. काचा बंद असल्यामुळे मला ऐकू आली नाही, आणि आरसा आंधळा असल्यामुळे ती दिसली नाही. गुडघ्याला मलमपट्टी झाली, सायकल मी नीट करून दिली, तिच्या घरी जाऊन माझी चूक आहे असेही सांगितले. पण अर्ध्या हाताच्या अंतराने काय झाले असते, हे त्या रात्री डोळ्यांपुढून हटेना. आपल्या देशात रस्त्याची डावी कडा ही सायकलवाल्यांची, पायी चालणाऱ्यांची, शाळेच्या पोरांची. तिकडचा आरसा "कशाला लागतो" हे मला आता कळले होते.

रविवारी मी पदर खोचला आणि मिक्सरला लावते तीच रीत आरशाला लावायची असे ठरवले.

पोटात काय असते?

आधी आतली रचना समजून घेऊ. फार अवघड नाही. आरशाच्या काचेमागे दोन इवल्याशा मोटरी असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. मोटारीच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट खटक्यातून त्यांच्याकडे जातो. खटका एका टोकाला दाबला की करंट एका दिशेने वाहतो, विरुद्ध टोकाला दाबला की उलट दिशेने; म्हणून मोटर कधी सुलट फिरते, कधी उलट. बऱ्याच गाड्यांत या दोन मोटरींना मिळून तीनच तारा असतात, कारण एक तार दोघींच्या समाईक मालकीची. आरसा बटणाने मिटत असेल तर त्यासाठी तिसरी, जरा दांडगी मोटर वेगळी असते.

म्हणजे करंटचा रस्ता असा: बॅटरी, फ्यूज, खटका, तारा, मोटर, काच. गावाला जाणारी बस आली नाही, तर ती कोणत्या थांब्यापर्यंत पोचली होती हे आपण विचारतो ना? तेच इथे विचारायचे.

चार प्रश्न

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी फक्त दिवे लागण्याइतकी फिरवा. एकीने आत बसायचे, एकीने बाहेर उभे राहायचे. माझ्या मदतीला आमची सातवीतली लेक होती.

पहिला प्रश्न: एकच आरसा बंद आहे की दोन्ही? दोन्ही बंद असतील तर दोन्ही बाजूंच्या मोटरी एका दिवशी संपावर जाणे कठीण. संशय फ्यूजवर किंवा खटक्यावर घ्यावा. फ्यूज कुठे आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेले असते. काही गाड्यांत तोच फ्यूज रेडिओला किंवा फोन चार्ज करायच्या सॉकेटलाही असतो. तेही त्याच दिवशी बंद पडले असेल तर चोर सापडलाच म्हणायचा. फ्यूज चावी बंद करून काढावा. आतली बारीक पट्टी तुटलेली दिसली की तो गेला. नवा बसवताना त्यावरचा आकडा तोच हवा. नेहमीच्या चपट्या फ्यूजमध्ये तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा असतो. जास्त आकड्याचा फ्यूज किंवा चांदीच्या कागदाचा तुकडा लावून काम भागवू नका. तसे केले तर फ्यूजऐवजी तार जळते, आणि तार गाडीभर पसरलेली असते.

आमचा उजवा आरसा ठणठणीत होता. म्हणजे फ्यूज शाबूत, आणि खटक्याची चार टोकेही शाबूत, कारण तीच टोके दोन्ही आरशांना चालतात. आता उरले खटक्याचे डावे-उजवे वळण, डावीकडच्या तारा आणि मोटरी.

दुसरा प्रश्न: आवाज येतो का? मी डाव्या आरशाला कान लावला, लेक आतून चारी टोके दाबत होती. मोटर घरघरते पण काच हलत नाही, असे असेल तर करंट पोचतो आहे. आतला प्लॅस्टिकचा दाता झिजला आहे किंवा काच आपल्या खोबणीतून सुटली आहे. काच सुटली असेल तर जाड कापडाची घडी काचेच्या मध्यावर ठेवून तळहाताने अलगद दाबली की पुष्कळदा "खट्ट" करून बसते. कडेला मात्र दाबू नका, तडकते. आमच्याकडे आवाजच नव्हता. अगदी शांत.

तिसरा प्रश्न: सगळ्या दिशा बंद की एखादीच? नुसते वर-खाली बंद असते तर त्या एका मोटरीवर किंवा तिच्या तारेवर बोट ठेवता आले असते. आमच्या चारी दिशा बंद होत्या. दोन्ही मोटरी एकदमच कशा जातील? बहुधा दोघींची समाईक तार तुटली असणार, असा मी अंदाज बांधला.

चौथा प्रश्न: त्याच दाराचे दुसरे काही कुरकुरते आहे का? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. ओट्यावर बसून आमची गंमत पाहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या बाजूची काच पण लहर आली तरच खाली येते. तुला सांगायचं राहूनच गेलं." सासूबाईंनी उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण मोटारीत त्यांची जागा तीच, डावीकडे पुढे. आणि खरेच, त्या दाराची काच कधी उतरायची, कधी नाही.

एकाच दारातल्या दोन वस्तू एकदम रुसल्या, तर त्या दोघींच्या वाटेत काय आहे? दार आणि गाडी यांच्या सांध्याशी, बिजागरीजवळ एक रबराची घडीदार नळी असते. दार उघडले की दिसते. दारात जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात, आणि दार उघडताना-लावताना दरवेळी वाकतात. दिवसातून चारदा दार उघडले तरी वर्षाला १,४६० वेळा झाले. नऊ वर्षांत १३ हजारांच्या वर. इस्त्रीची वायर नेमकी इस्त्रीच्या बुडाशीच का तुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे.

मी लेकीला म्हटले, "वरचं टोक दाबूनच धर." आणि दार हळूहळू उघडत गेले. थोडे, आणखी थोडे. अर्ध्यावर आले आणि आरसा "घर्र" करून हलला! दार आणखी उघडले, पुन्हा गप्प. लेक आतून ओरडली, "आई, जिवंत आहे तो!" साडेसात हजारांचा मेलेला आरसा जिवंत होता. तुटलेली तार दाराच्या एका विशिष्ट कोनात टोकाला टोक लावत होती, एवढेच.

पुढचे काम कुणाचे?

हे शोधायला मी एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता. तार जोडायचे काम मात्र मी केले नाही, आणि सवय नसेल तर तुम्हीही करू नका. बहुतेक गाड्यांत पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना धक्का लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे लागते. मी गाडीची वायरिंग करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले आणि "आरसा चालत नाही" असे न सांगता, "दार अर्धं उघडलं की आरसा चालतो, डाव्या दाराची नळी पाहा" असे सांगितले. त्याने नळी सरकवली, तारा बाहेर ओढल्या आणि हसला. "ताई, तुमीच तं शोधून आणलं जी. हे पाहा, तार तुटेल हाये." एक तार पूर्ण तुटलेली, टोकाचे तांबे हिरवट पडलेले, दुसरी दोन-चार तंतूंवर लोंबकळत होती. ती सासूबाईंच्या काचेची.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुटलेल्या तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळली, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच खेळ. मध्ये तेवढ्याच जाडीच्या तारेचा तुकडा घालावा, सांधा डाखाने पक्का करावा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. आणि सांधा वाकण्याच्या जागी येऊ न देता आत, बाजूला सरकवावा. त्याने हे सगळे केले आणि चारशे रुपये घेतले.

साडेसात हजार सांगणारा मिस्त्री मुद्दाम फसवत होता असे मी म्हणत नाही. आरसा बदलणे हा त्याच्या दृष्टीने सोपा मार्ग. पण नवा आरसा बसवूनही तो हलला नसता, कारण तार तुटलेलीच राहिली असती! म्हणून कुठल्याही गॅरेजमध्ये "आरसा बदला" असे ऐकलेत तर एकच प्रश्न विचारा: "खटका दाबल्यावर आरशाच्या प्लगपर्यंत करंट पोचतो का?" मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून हे पाहता येते. पोचत असेल आणि मोटर फिरत नसेल, तर दोष आरशात. पोचत नसेल, तर दोष आरशाच्या आधी कुठेतरी. आधी हे पाहून घ्या, मग पैसे मोजा.

आणखी दोन गोष्टी. आरशाची नुसती काच फुटली असेल तर बऱ्याच गाड्यांसाठी काच वेगळी मिळते, पूर्ण आरसा घ्यावा लागत नाही. पण गावातल्या काचवाल्याकडून साधा सपाट आरसा कापून चिकटवू नका. बाजूच्या आरशाची काच बहुधा किंचित फुगीर असते. म्हणून तिच्यात रस्ता जास्त रुंद दिसतो. त्याच कारणाने मागची गाडी असते त्यापेक्षा लहान आणि लांब भासते. काही आरशांवर तशी सूचनाही छापलेली असते.

आरसा नीट झाला की नीट लावायलाही हवा. आपल्या जागेवर सरळ टेकून बसा. डाव्या आरशाच्या आतल्या कडेला आपल्याच गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी, आणि दूरच्या रस्त्याची रेघ आरशाच्या साधारण मध्यावर यावी. घरात गाडी दोघे चालवत असाल तर बसल्याबरोबर आधी आरसे लावायचे, मगच गाडी हलवायची.

जाता जाता एक गंमत सांगते. १९०९ साली डोरोथी लेविट नावाच्या एका इंग्रज मोटारचालक बाईंनी खास स्त्रियांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला आहे की, मोटार चालवताना हातातला लहान आरसा जवळ ठेवावा, मागून काय येते आहे ते पाहायला उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पहिल्या मोठ्या शर्यतीत रे हॅरून याने आपल्या गाडीवर आरसा बसवला, ते साल १९११. म्हणजे वेणीफणीचा आरसा मोटारीत न्यायचे एका बाईने त्याच्या दोन वर्षे आधी छापून सांगितले होते. हे मी ह्यांना मुद्दाम वाचून दाखवले. ह्यांनी वर्तमानपत्र वर केले.

शाळा सुरूच आहे. ती मुलगी आता वर्गात पहिल्या बाकावर बसते, गुडघ्यावर खपलीचा डाग राहिला आहे. शाळेच्या गल्लीशी आले की मी डावीकडचा दिवा लावते, आरशात पाहते, तरीही डावीकडची काच दोन बोटे खाली करते आणि मान वळवून पाहते, कारण आरशाला न दिसणारी एक जागा उरतेच. परवा काच खाली केली तर मागून सायकलची घंटी ऐकू आली. मी थांबले. ती तिच्या मैत्रिणीबरोबर पुढे निघून गेली आणि जाताना म्हणाली, "मॅडम, आज दिसलो ना आम्ही?"